शेजाऱ्यांशी व्यापार का अडतो? दक्षिण आशियातल्या प्रादेशिक सहकार्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रादेशिक व्यापार सहकार्य म्हणजे मुक्त व्यापार करारच ना?

करार हा त्यातला एक भाग. शेजारचे देश एकमेकांच्या मालावरचं आयात शुल्क कमी करतात तेव्हा वर्तमानपत्रात बातमी येते. त्यानंतरची कामं बातमीत येत नाहीत: एका देशाच्या प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्याने मान्य करणं, ट्रकला सीमेपलीकडे जाऊ देणं, दोन्ही कस्टम्सची कागदपत्रं एकसारखी करणं, विजेच्या तारा जोडणं, पैसे वळते करण्याची सोय लावणं. दक्षिण आशियाचा अनुभव असा की शुल्काचं काम त्यातल्या त्यात लवकर होतं आणि बाकीचं रखडतं. या पानावर बरंचसं त्या रखडलेल्या भागाबद्दल आहे, कारण फायदा कोणाच्या पदरात पडणार हे तिथेच ठरतं.

जागतिक व्यापार संघटना असताना वेगळे प्रादेशिक करार कशासाठी?

जागतिक पातळीवर दीडशेहून अधिक देशांचं एकमत लागतं, ते होत नाही. या संघटनेचा पाया असलेल्या गॅट कराराच्या २४व्या कलमाने काही देशांना आपापसात जास्त सवलत देण्याची मुभा ठेवली आहे, आणि विकसनशील देशांसाठी १९७९पासून आणखी सैल तरतूद आहे. युरोपने १९५१मध्ये कोळसा आणि पोलादापासून सुरुवात केली, आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियान गटाने १९९२मध्ये मुक्त व्यापार क्षेत्र ठरवलं, आफ्रिकेतल्या देशांचा खंडव्यापी करार २०१९मध्ये लागू झाला. आपल्याकडे दक्षिण आशियातल्या देशांच्या सार्क संघटनेची स्थापना १९८५ची, ढाक्यातली.

मग करार केला की फायदाच, असं समजायचं का?

नाही. अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५०मध्येच हा धोका मांडला होता. समजा एखादी वस्तू दूरच्या देशातून १०० रुपयांना येते आणि तिच्यावर २० टक्के शुल्क आहे, म्हणजे ग्राहकाला १२०ला पडते. शेजारी तीच वस्तू ११०ला बनवतो. शेजाऱ्याला शुल्क माफ केलं की ग्राहक त्याच्याकडे वळतो आणि त्याचे १० रुपये वाचतात. पण सरकारचे शुल्काचे २० रुपये बुडतात. एकूण देश १० रुपयांनी तोट्यात, आणि माल येतोय कमी कार्यक्षम उत्पादकाकडून. व्यापार वाढल्याचे आकडे मात्र झकास दिसतात.

म्हणून कराराआधी एक हिशेब मांडावा लागतो: शेजाऱ्याकडून येणारा माल आपल्याकडच्या महाग मालाची जागा घेणार आहे, की दूरच्या स्वस्त मालाची? पहिलं असेल तर करार लाभाचा.

दक्षिण आशियात आपापसातला व्यापार खरंच इतका कमी आहे?

हो. या देशांच्या एकूण व्यापारात आपापसातल्या व्यापाराचा वाटा साधारण पाच टक्के धरला जातो. आसियानमध्ये तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास आहे. जागतिक बँकेच्या २०१८च्या अहवालाने म्हटलं होतं की त्यावेळी सुमारे २३ अब्ज डॉलर असलेला हा व्यापार अडथळे काढले तर ६७ अब्जांपर्यंत जाऊ शकतो. भारतातल्या कंपनीला दक्षिण आशियातल्या शेजाऱ्यापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं सुमारे २० टक्के स्वस्त पडतं, असंही त्याच अहवालात होतं.

हे आकडे सांगताना एक सावधगिरी बाळगावी. ते नोंदलेल्या व्यापाराचे आहेत. डोक्यावरून, सायकलवरून, शेतातून पलीकडे जाणारा माल त्यात धरलेला नाही, आणि तो थोडाथोडका नाही.

साफ्टा हा सार्क देशांचा मुक्त व्यापार करार तर २००६पासून लागू आहे. मग शुल्क शून्य का नाही?

साफ्टावर २००४च्या जानेवारीत इस्लामाबादला सह्या झाल्या आणि २००६मध्ये तो अमलात आला. पण प्रत्येक देशाने 'संवेदनशील यादी' ठेवली: या वस्तूंना सवलत नाही. आणि यादीत कोणत्या वस्तू? ज्या शेजारी खरोखर विकू शकतो त्याच. कापड, खाद्यपदार्थ, शेतमाल. ज्यात शेजाऱ्याला काही रस नाही त्यावर मन मोठं करायला कोणाचं काय जातं?

यात भारताने एक चांगलं पाऊल उचललं, त्याची दखल घ्यायला हवी. २०११मध्ये सार्कमधल्या अल्पविकसित देशांसाठी ही यादी २५ वस्तूंवर आणली, त्याही बहुतेक दारू आणि तंबाखूच्या. बांगलादेशी तयार कपड्यांना भारताची बाजारपेठ उघडली ती त्यामुळे.

शुल्क गेलं की माल सरळ पलीकडे जातो?

पेट्रापोलला काय चालतं ते पाहू. पश्चिम बंगालमधलं हे भारत-बांगलादेश सीमेवरचं सगळ्यात मोठं भूबंदर, पलीकडे बेनापोल. भारतीय ट्रक माल घेऊन निघतो आणि सीमेपर्यंतच्या रांगेत अडकतो. बनगावच्या आसपासच्या पार्किंगमध्ये गाड्या दिवसेंदिवस उभ्या राहत. राज्य सरकारने ऑनलाइन वेळ राखून ठेवण्याची व्यवस्था आणल्यावर ही रांग बरीच आटोक्यात आली. पुढे ट्रक बेनापोलच्या आवारापर्यंत जातो आणि तिथे थांबतो, कारण भारतीय ट्रकला ढाक्यापर्यंत जायची परवानगी नाही. माल उतरवायचा, बांगलादेशी ट्रकमध्ये चढवायचा, रिकामी गाडी परत आणायची. प्रत्येक चढ-उतारीची हमाली वेगळी, उभ्या गाडीचं हॉल्टिंग वेगळं, पेट्या फुटल्या तर ते नुकसान वेगळं.

हे टाळण्यासाठी बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी जून २०१५मध्ये थिंफूला मोटार वाहन करारावर सह्या केल्या. भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो फेटाळला. आपल्या अरुंद डोंगरी रस्त्यांवर परक्या मालवाहू गाड्यांची रांग लागेल, ही तिथली भीती होती. भूतानचा आकार पाहता ती अनाठायी म्हणता येत नाही. उरलेल्या तिघांनी पुढे जायचं ठरवलं, तरी नियमावलीचं घोडं अडलेलंच आहे.

दुसरा अडथळा चाचण्यांचा. पूर्व नेपाळचा चहा भारतात येताना अन्नसुरक्षेची तपासणी लागते आणि नमुने कोलकात्याच्या प्रयोगशाळेत जातात. अहवाल येईपर्यंत चहा गोदामात. इथे नेपाळी चहावर शुल्काचा प्रश्नच नाही, पण वाट पाहण्याची किंमत शुल्काइतकीच भरते. मोठा बागायतदार ती सोसतो. दहा-वीस शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची पुंजी अडकून पडते.

'मूळ देशाचे नियम' ही काय भानगड आहे?

सवलत शेजाऱ्याने बनवलेल्या मालाला द्यायची आहे, शेजाऱ्याच्या बंदरातून फिरवून आणलेल्या मालाला नाही. म्हणून माल खरंच तिथे तयार झाला का, हे सिद्ध करावं लागतं. साफ्टामध्ये सर्वसाधारण अट अशी की किमान ४० टक्के मूल्यवर्धन त्या देशात व्हावं, अल्पविकसित देशांसाठी ३० टक्के, आणि कच्च्या मालाचं वर्गीकरण बदलण्याइतकी प्रक्रिया झालेली असावी.

नियम ढिले राहिले तर काय होतं याचं नमुनेदार उदाहरण वनस्पती तुपाचं आहे. भारत-श्रीलंका मुक्त व्यापार करार २०००मध्ये लागू झाला. श्रीलंकेत पामतेलावरचं आयात शुल्क भारतापेक्षा बरंच कमी होतं. मग तिथे वनस्पतीचे कारखाने उभे राहिले: आग्नेय आशियातून पामतेल आणायचं, त्याचं वनस्पती करायचं, शुल्क न भरता भारतात पाठवायचं. कागदावर सगळं नियमात. भारतातल्या वनस्पती उद्योगाने आरडाओरडा केला आणि २००६मध्ये वर्षाला अडीच लाख टनांची मर्यादा आली. नेपाळच्या बाबतीत हेच आधी घडलं होतं. २००२मध्ये भारत-नेपाळ व्यापार कराराच्या नूतनीकरणात वनस्पती, तांबे, ॲक्रिलिक धागा आणि झिंक ऑक्साइड यांवर कोटा बसला.

दोष कोणाचा? व्यापाऱ्याने फट शोधली, ते त्याचं कामच आहे. फट राहिली ती दोन देशांच्या कच्च्या मालावरच्या शुल्कातल्या तफावतीमुळे. पण याचा धडा चुकीचा घेतला गेला. नियम इतके किचकट करत गेले की प्रामाणिक लहान उत्पादकाला प्रमाणपत्र काढण्यापेक्षा पूर्ण शुल्क भरणं सोपं वाटू लागलं. करार असून तो वापरलाच जात नाही, यामागे हे एक मोठं कारण आहे. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती एकमेकांत गुंतलेल्या अशा करारांवर वर्षानुवर्षं टीका करत आले आहेत, ती याच कारणाने: प्रत्येक कराराचा नियम निराळा, आणि सगळ्यांचा मिळून गुंता.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा याच्याशी काय संबंध?

थेट आहे. बांगलादेश हा नाशिकच्या कांद्याचा आणि द्राक्षांचा मोठा गिऱ्हाईक, विदर्भातल्या संत्र्याचाही.

कांद्याचं पाहा. २०१९च्या सप्टेंबरअखेर केंद्राने निर्यात थांबवली. त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीत आलेल्या तेव्हाच्या बांगलादेशी पंतप्रधान शेख हसीना यांनी उद्योजकांसमोर हसतहसत तक्रार केली की आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, मी तर आचाऱ्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितलंय. सभागृह हसलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा बंदी, आणि माल भरलेले ट्रक पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूरच्या नाक्यांवर अडकून पडले. डिसेंबर २०२३मध्ये तिसऱ्यांदा. ती मे २०२४मध्ये उठली, पण ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला ५५० डॉलरच्या किमान निर्यात मूल्यासह. शुल्क पूर्णपणे गेलं ते १ एप्रिल २०२५ला.

दर वेळी कारण एकच: शहरी ग्राहकाला कांदा महाग पडू नये. दर वेळी परिणामही एकच. ढाक्याचा आयातदार इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तानकडे वळतो, आणि बांगलादेश सरकार स्वतःच्या शेतकऱ्याला कांदा पिकवायला प्रोत्साहन देतं. लासलगावला भाव पडल्यावर 'निर्यात खुली केली' असं सांगून उपयोग होत नाही, कारण तोवर गिऱ्हाइकाने दुसरं दुकान धरलेलं असतं.

संत्र्याचं उलट झालं. बांगलादेशने आयात शुल्क टप्प्याटप्प्याने चढवत नेलं आणि वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या बागायतदारांचा माल देशातल्याच मंड्यांमध्ये येऊन आदळला. संत्रा तिथे चैनीचं फळ मानला जातो, परकीय चलन वाचवायचं तर कात्री आधी त्यावर चालते.

प्रादेशिक सहकार्याचा अर्थ इथे अगदी साधा आहे: बंदी किंवा शुल्कवाढ करायची असेल तर किती दिवस आधी कळवायचं, वाटेत असलेल्या मालाचं काय करायचं, आणि टंचाईतही शेजाऱ्यासाठी ठरावीक वाटा राखायचा का, हे आधीच लिहून ठेवणं. बांगलादेशने जीवनावश्यक वस्तूंसाठी असा वार्षिक कोटा मागितलेला आहे.

'सर्वसमावेशक' हा शब्द सगळीकडे असतो. प्रत्यक्षात कसा दिसतो?

सीमा हाटात दिसतो. पहिला हाट जुलै २०११मध्ये मेघालयातल्या कलाईचर आणि पलीकडच्या, बांगलादेशातल्या बालियामारी यांच्यामध्ये सुरू झाला. नंतर मेघालय-त्रिपुरात आणखी झाले. सीमारेषेवर कुंपण घातलेली जागा, आठवड्यातला ठरलेला दिवस, आसपासच्या पाच किलोमीटर परिसरातले नोंदणीकृत विक्रेते. भाजी, फळं, मसाले, बांबूच्या वस्तू, गमछे, लुंग्या, प्लास्टिकची भांडी. रुपया चालतो, बांगलादेशी टाकाही चालतो. सीमाशुल्क नाही, पासपोर्ट-व्हिसा नाही, ओळखपत्र पुरतं. खरेदीची मर्यादा सुरुवातीला ५० डॉलर होती, ती पुढे २०० डॉलरपर्यंत वाढवली.

आकड्यात हे नगण्य आहे. पेट्रापोलच्या एका दिवसाच्या उलाढालीपुढे हाटाचं वर्ष फिकं पडेल. पण आयात-निर्यात परवाना, बँकेचं पतपत्र, कस्टम्स एजंट यांपैकी काहीही ज्यांच्या आवाक्यात नाही अशी माणसं इथे कायदेशीर व्यापार करतात. काही हाटांवर बायकांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या, आणि जिथे स्वच्छतागृह व पुरेशी वाहतूक होती तिथे त्या टिकल्या. जिथे नव्हती तिथे राखीव जागा कागदावर राहिल्या. मोठ्या भूबंदरांनाही हेच लागू आहे. महिला उद्योजकांसाठी धोरण जाहीर होतं, पण नाक्यावर त्यांना थांबायला खोली नसते आणि एजंट त्यांच्याशी बोलायचं सोडून बरोबरच्या पुरुषाशी बोलतो.

आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागातल्या देशांच्या कोमेसा व्यापार गटाने एक वेगळी सोय केली आहे. ठरावीक रकमेखालच्या खेपेसाठी एकच साधा अर्ज, आणि ठरलेल्या यादीतल्या वस्तूंना मूळ देशाचं वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. आपल्या सीमांवर ही कल्पना राबवायला नवा आंतरराष्ट्रीय करारही लागणार नाही, दोन देशांच्या कस्टम्स खात्यांनी मनावर घेतलं तरी पुरे.

शाश्वत विकासाचा व्यापाराशी संबंध कुठे येतो?

सगळ्यात ठोस उदाहरण विजेचं. नेपाळच्या नद्यांना पावसाळ्यात पाणी भरपूर, वीज गरजेपेक्षा जास्त. हिवाळ्यात तोच नेपाळ भारताकडून वीज घेतो. बांगलादेशची बरीचशी वीज वायू आणि आयात इंधनावर. ऑक्टोबर २०२४मध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांच्यात त्रिपक्षीय करार झाला: १५ जून ते १५ नोव्हेंबर या काळात ४० मेगावॉट वीज, भारताच्या जाळ्यातून, युनिटला ६.४ अमेरिकन सेंट दराने. धलकेबर-मुझफ्फरपूर वाहिनीने भारतात यायची, बहरमपूर-भेडामाराने बांगलादेशात जायची. १५ नोव्हेंबर २०२४ला एका दिवसापुरती गेली आणि २०२५च्या जूनपासून नियमित.

४० मेगावॉट म्हणजे समुद्रात खसखस. पण दक्षिण आशियात दोन देशांतली वीज तिसऱ्याच्या तारांमधून जाण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून मला ती एखाद्या मोठ्या शिखर परिषदेपेक्षा महत्त्वाची वाटते. भारताने नेपाळकडून दहा वर्षांत दहा हजार मेगावॉटपर्यंत विजेची खरेदी करण्याचा करार जानेवारी २०२४मध्ये झाला आहे. तारा एकदा टाकल्या की दोन्ही बाजूंना त्या बंद ठेवणं महागात पडतं.

दुसरा संबंध दबावाचा. युरोपीय संघाची कार्बन सीमा आकारणी, म्हणजे आयात माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आकार, १ जानेवारी २०२६पासून पूर्णपणे लागू झाली. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज तिच्या कक्षेत येतात. निर्यातदाराला उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो. प्रत्येक देशाने स्वतंत्र मोजणी आणि तपासनीस उभे करण्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून मान्य पद्धत ठेवली तर लहान कारखान्यांचा खर्च वाटला जाईल. अजून तसं काही घडलेलं नाही.

आणि भारतासाठी एक नवी गोष्ट: ऑक्टोबर २०२५मध्ये लागू झालेल्या एफ्टा देशांबरोबरच्या (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलंड, लिक्टेनस्टाइन) करारात व्यापार आणि शाश्वत विकास असं स्वतंत्र प्रकरण आहे. शेजाऱ्यांशी झालेल्या एकाही जुन्या करारात तसं नाही.

लहान देशांना भारताची धास्ती वाटते. ती खरी की राजकीय?

दोन्ही. भारताची अर्थव्यवस्था सार्कमधल्या बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि नेपाळ-भूतानला समुद्राकडे जायचा सोयीचा रस्ता भारतातूनच आहे. अशा वेळी मोठ्याने जास्त सवलत द्यावी, परतफेडीची अपेक्षा कमी ठेवावी, ही गरज आहे. युरोपने गरीब प्रदेशांसाठी वेगळा निधी ठेवला तो याच विचाराने. सार्कचा विकास निधी थिंफूत आहे, पण त्याचा आवाका तुलनेने फार लहान.

भारत आरसेपमधून बाहेर का पडला?

आरसेप हा आसियान, चीन, जपान, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांचा मोठा व्यापार करार. नोव्हेंबर २०१९मध्ये भारताने त्यातून माघार घेतली. मुख्य चिंता होती चिनी मालाची लाट आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दुग्धजन्य पदार्थांची स्पर्धा. करार पुढे पंधरा देशांत झाला आणि २०२२च्या जानेवारीत लागू झाला. निर्णय बरोबर होता की नाही यावर अजून वाद आहे. दूध उत्पादकाच्या बाजूने पाहिलं तर बरोबर, पूर्व आशियाच्या पुरवठा साखळीत शिरू पाहणाऱ्या सुट्या भागांच्या कारखानदाराच्या बाजूने पाहिलं तर नाही.

सार्क संपलं का?

औपचारिकरीत्या नाही. काठमांडूत सचिवालय आहे, दिल्लीत विद्यापीठ चालू आहे. पण शेवटची शिखर परिषद काठमांडूला नोव्हेंबर २०१४मध्ये झाली. २०१६ची इस्लामाबादची परिषद उरी हल्ल्यानंतर बारगळली आणि पुन्हा जमलीच नाही. भारताने १९९६मध्ये पाकिस्तानला दिलेला सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९मध्ये काढून घेतला आणि २०० टक्के शुल्क लावलं. मे २०२५मध्ये तर पाकिस्तानी मालाची आयात पूर्ण बंद केली.

त्यामुळे लक्ष बिम्सटेककडे गेलं: बंगालच्या उपसागराभोवतीचे सात देश, १९९७ची स्थापना, सचिवालय ढाक्यात. एप्रिल २०२५च्या बँकॉक परिषदेत सागरी वाहतुकीचा करार झाला. पण मुक्त व्यापाराची चौकट २००४मध्ये ठरली आणि करार अजून वाटाघाटीतच आहे, तेव्हा पाकिस्तान नसलं की सगळं सुरळीत होतं हा समज फारसा टिकत नाही. त्याच एप्रिलमध्ये भारताने बांगलादेशी माल आपल्या बंदरं-विमानतळांवरून तिसऱ्या देशांत पाठवण्याची सोय रद्द केली. मे महिन्यात बांगलादेशी तयार कपड्यांना भूबंदरं बंद केली आणि ते फक्त कोलकाता किंवा न्हावा शेवा बंदरातून यावेत असा नियम केला. ढाक्याहून निघालेला शर्ट कोलकात्याच्या दुकानात पोचायला ट्रकचा रस्ता सोडून आता जहाज धरतो.

छोट्या निर्यातदाराने या करारांचा उपयोग कसा करावा?

आधी मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्समधला वर्गीकरण क्रमांक, नक्की करा. चुकीच्या कोडवर सवलत मिळत नाही आणि दंडही बसतो. मग आयात करणाऱ्या देशाच्या यादीत तो कोड संवेदनशील म्हणून ठेवला आहे का ते पाहा. श्रीलंकेच्या बाबतीत साफ्टा आणि द्विपक्षीय करार दोन्ही लागू होऊ शकतात, ज्यात शुल्क कमी तो धरा. मूळ देशाचं प्रमाणपत्र परकीय व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन मिळतं, पण त्यासाठी कच्च्या मालाची बिलं जपून ठेवलेली हवीत, कारण मूल्यवर्धनाचा हिशेब त्यांवरूनच मांडला जातो. प्रमाणपत्रातलं मालाचं वर्णन आणि बिलातलं वर्णन अक्षरशः सारखं असू द्या. एकात 'सुती टॉवेल' आणि दुसऱ्यात 'कॉटन टेरी टॉवेल' लिहिलं, तर पलीकडचा कस्टम्स अधिकारी खेप थांबवू शकतो आणि मग डेमरेज, म्हणजे अडकून पडलेल्या मालाचं भाडं, तुमच्या खिशातून.